तुमचा सात नंबरचा रस्ता

बाबा,

तुमच्या रस्त्याचा नंबर बदलला. बदलून बरीच वर्षं झाली, पण माझ्या तोंडी अजून सात नंबरच येतो आणि नातवंडं मला दुरुस्त करतात. आता तो चव्वेचाळीस आहे. पूर्वीसारखा बनारसहून निघत नाही, पार काश्मिरातल्या श्रीनगरहून निघतो आणि तसाच खाली कन्याकुमारीला जातो. बनारसकडचा भाग वेगळा काढून त्याला दुसरा नंबर दिलाय. मागच्या महिन्यात मी नागपूरच्या प्रताप नगरहून शिवनीला गेले, मोटारीतून, तेव्हा डोक्यावरच्या हिरव्या पाटीवर हा चव्वेचाळीस पुन्हा पुन्हा दिसत होता. तुम्ही जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. सांगण्यासारखं किती साचलंय, पण त्या पाटीखालून जाताना पहिलं हेच मनात आलं, की बाबांना सांगायला हवं, रस्त्याचं एक टोक हललं.

तुम्ही बांधकाम खात्यात पेंटर होता. लोकांना वाटायचं दुकानांच्या पाट्या रंगवत असाल. तुम्ही मैलाचे दगड रंगवायचात, पांढरं अंग, पिवळं डोकं आणि त्यावर काळी अक्षरं. नागपूरहून जबलपूरकडे, कामठी, कन्हान, मनसर, देवलापार असं पुढे पुढे जात, आठ-आठ दिवस मजुरांच्या गँगच्या चौकीत मुक्काम करून तुम्ही शनिवारी सदरच्या आपल्या क्वार्टरमध्ये परत यायचात. अंगाला टर्पेंटाइनचा वास, नखांत रंग. आई तुम्हाला मागच्या दाराने आत घ्यायची आणि घासलेटाने हात धुतल्याशिवाय पाटावर बसू द्यायची नाही. जेवताना मात्र रस्त्याच्याच गोष्टी. एकदा तुम्ही म्हणालात, "माह्या आज्याच्या वक्ताले हा रस्ता मिर्झापूरहून निघे अन् कामठीच्या छावणीत येऊन सरे. म्हातारे लोकं मिर्झापूर रोडच म्हनत. आता सरकारनं त्याले सात नंबर देला. बनारसहून थेट कन्याकुमारी. देशातला सगळ्यात लांब." आई चुलीपाशी भाकर थापत होती. ती म्हणाली, "रस्ता लांब होते कसा वो? भाकर हाये का, थापली का वाढली?" तुम्हाला हसता हसता ठसका लागला. पाणी पिऊन तुम्ही म्हणालात, "अवं, तुकडे पयलेपासूनच होते. जोडले अन् एक नाव देलं." "मंग नावच लांब झालं म्हना," आई म्हणाली आणि भाकर तुमच्या ताटात टाकली. त्या स्वयंपाकघरात तेव्हा आपण चौघं होतो. ताई तुमच्या शेजारी बसायची, मी समोर.

नाव लांब झालं, पण तुमच्या वाट्याचा रस्ता तेवढ्यात आखूड झाला होता. राज्यांची वाटणी झाली आणि जबलपूर, शिवनी सगळं मध्य प्रदेशात गेलं. पूर्वी तुम्ही कुरईचा घाट चढून शिवनीपर्यंत दगड रंगवत जायचात. आता हद्द खवाशापाशी आली. तिथे तुमचा शेवटचा दगड, पुढचा दुसऱ्या सरकारचा. खात्याने विचारलं होतं, इकडे राहायचं की तिकडे. आईचं सगळं गोत इकडचं, म्हणून तुम्ही इकडे राहिलात. त्याबद्दल तुम्ही कधी कुरकुरला नाहीत. फक्त हद्दीवरून आलात की एखादे वेळी म्हणायचात, "तिकडचा पेंटर आठाचा आकडा मोठा सुंदर काढते."

ताईसाठी स्थळ आलं ते नेमकं शिवनीचं. मुलगा जंगल खात्याच्या लाकूड डेपोत कारकून, घरात मराठी बोलणारा, बाहेर हिंदी. आईच्या मनात नव्हतं. परक्या राज्यात पोरगी कशाला द्यायची, असं तिचं म्हणणं. तुम्ही म्हणालात, "राज्य काय करते? माह्याच रस्त्यावर हाये. डोये बांधून सोडलं तरी मी शिवनीले पोचतो." लग्न झालं. थोड्याच दिवसांत दगडांवरचे मैल खोडून किलोमीटर लिहायचा हुकूम आला. तुम्ही एका शनिवारी जेवायला बसलात आणि म्हणालात, शिवनी आता सव्वाशेच्या वर गेली. आईच्या हातातली पळी तशीच राहिली. "अन् पयले किती होती?" "ऐंशीच्या आत." "माय वं! पोरगी इतकी दूर गेली?" तुम्ही तिला समजावलंत, मैल मोठा असतो, किलोमीटर लहान, पोरगी आहे तिथेच आहे. तिला ते पटलं. पण शेजारणींना सांगताना ती शेवटपर्यंत मैलच सांगायची.

त्याच वर्षी ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पोळा झाला की तिला आणायचं ठरलं होतं. आईने डिंक-खारीक आणून ठेवली, मागच्या खोलीत बाज टाकली, जुनी लुगडी धुऊन दुपटी शिवायला घेतली. मी बारा वर्षांची, सुईत दोरा ओवून देणं माझं काम. पोळ्याच्या आधीच, आठव्या महिन्यात, ताईच्या अंगावर सूज चढली आणि डोकं ठणकायला लागलं. शिवनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वेळ घालवू नका, नागपूरला न्या. जावई तिला घेऊन निघाले. मिळाली ती बस हद्दीपर्यंतच जाणारी होती आणि पुढची गाडी कधी येईल ते कुणालाच सांगता येईना. हद्दीच्या नाक्यावर लाकडाचा एक ट्रक उभा होता. त्याचा ड्रायव्हर डेपोमुळे जावयांच्या ओळखीचा. त्याने दोघांना केबिनमध्ये घेतलं. हवा लागावी म्हणून ताईला खिडकीशी बसवलं.

पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलं. सरकारी दवाखान्यात मी तिच्या पायथ्याशी बसून तळपाय चोळत होते. तिचे पाय इतके सुजले होते की बोट दाबलं की खळगा राहायचा. तरी ती हसली. म्हणाली, "बाबा दिसले वं. देवलापारच्या अलीकडं. डोक्शाले पंचा बांधून दगडापाशी बसले होते. मी किती हाका मारल्या. मंग त्याइनं हात केला." आई उशाशी होती. तिने विचारलं, "अन् गाडी नाई थांबवली?" ताई म्हणाली, "हे म्हनाले, नाई थांबाचं. डाक्टरनं सांगतलं होतं ना." मग तिला आत नेलं. संध्याकाळी मुलगी झाली. दिवेलागणीला ताई गेली.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आलात. ऑफिसच्या जीपवाल्याने निरोप दिला होता, पण पोरीला दवाखान्यात आणलंय, एवढाच. तुम्ही दवाखान्याच्या पायऱ्या चढत वर आलात, आम्हाला व्हरांड्यात बसलेलं पाहिलंत आणि विचारलंत, "पोरगा का पोरगी?" अजून ते वाक्य माझ्या कानात आहे, बाबा. जावई भिंतीकडे तोंड करून उभे होते. शेवटी आईनेच सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज चढला. तुमच्या समोरून नेली, तिने हाका मारल्या, तुम्ही हात केला आणि तुमच्या जावयाने गाडी थांबवली नाही. तुम्ही खाली बसलात. आपल्याच हातांकडे पाहत म्हणालात, "मी सगळ्याइलेच हात करतो. डायवर लोकं हॉर्न देतात, मी हात करतो. मंधात कोन बसलं हाये, पाह्यलंच नाई." मग जरा वेळाने, "तिनं हाक मारली?" आई म्हणाली, "मारली." "रोलर चालू होता," तुम्ही म्हणालात. त्याच्यापुढे त्या विषयावर कित्येक वर्षं तुम्ही बोलला नाहीत.

बाळ आपल्या घरी आलं. बाजही तीच, दुपटीही तीच. आईने तिला कापसाच्या वातीने दूध पाजलं, रात्रंदिवस मांडीवर घेतलं, आणि ती जगली. तुम्ही कामावर परत गेलात. पण तुमच्याबरोबरचे लोक घरी येऊन आईला सांगायचे, की पेंटरबाबांचं काम आता पुढे सरकत नाही. गाडी आली की ब्रश खाली ठेवतात, उठून उभे राहतात आणि आत कोण आहे ते पाहतात. ट्रक, बस, सायबाची मोटार, सगळ्यांसाठी. ती निघून गेली की मग बसतात. मुकादम चिडायचा, आणि नंतर त्यानेही बोलणं सोडलं. मी एकदा शाळेच्या सहलीच्या बसमधून रामटेकला जाताना तुम्हाला असं उभं पाहिलं. मैत्रिणी म्हणाल्या, तुझे बाबा तुलाच पाहायला उभे राहिले. मी हो म्हटलं.

पोरगी मोठी होत गेली. तुम्हाला आबाजी म्हणायची. अंगणात तुमच्या मांडीवर बसून विचारायची, "आबाजी, तुमचा रस्ता कुठं जाते?" "एका अंगानं काशी, दुसऱ्या अंगानं समुद्र." "अन् मंधात?" "मंधात आपून." तुम्ही दोन्ही टोकं कधी पाहिली नव्हती. काशीला जायचं आईच्या मनात होतं, ते राहूनच गेलं.

जावयांनी दुसरं लग्न केलं होतं. तरी महिना-दोन महिन्यांनी ते नागपूरला यायचे, फाटकापाशी उभे राहायचे, हातात एखादा फ्रॉक नाहीतर बिस्किटांचा पुडा. आई पुडा घ्यायची आणि सांगायची, पोरगी झोपलीय. पोरगी आतून ऐकत असायची. एका रविवारी तुम्ही अंगणात होता. ते फाटकापासून मागे फिरले तेव्हा तुम्ही त्यांच्या पाठीकडे बराच वेळ पाहत राहिलात. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन म्हणालात, "शाळा लागाच्या आत पोरीले तिच्या बापाकडं नेऊन देतो."

आई पिठाचे हात घेऊन तशीच उभी राहिली. "एक पोरगी खाल्ली त्यानं माही. आता दुसरी द्या."

"त्यानं नाई खाल्ली."

"गाडी थांबवली असती तं—"

"तं काय झालं असतं?" तुमचा आवाज चढला नाही. "मी तिले उतरवलं असतं. सावलीत बसवलं असतं. चहा मागवला असता. तितका दवाखान्याले उशीर. तो थांबला नाई म्हनून ही पोरगी जगली."

"मंग तुमाले काहून झोप येत नाई?"

तुम्ही दाराकडे वळलात. मला वाटलं विषय संपला. मग म्हणालात, "तवा मी पाह्यलं नाई. तो माहा गुन्हा नाई, मले मालूम हाये. पन आता तो फाटकापाशी येऊन उभा रायते, मी डोयानं पाहून राहिलो. अन् पाह्यलं नाई म्हनू? हे माह्याच्यानं नाई होत."

आईने पुन्हा पीठ मळायला घेतलं. पोरीचे कपडे तिनेच बांधून दिले, पण निघायच्या दिवशी ती मागच्या खोलीतून बाहेर आली नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, तुमच्याबरोबर आले. पोरीला तिसरीत घालायचं होतं. तिला वाचायला तुम्हीच शिकवलं होतं, दगडांवरच्या नावांवरून, म्हणून ती खिडकीतून एकेक नाव मोठ्याने वाचत होती आणि बसमधले लोक कौतुकाने पाहत होते. देवलापार जवळ आलं तेव्हा मी तुमच्याकडे बघायचं टाळलं. तुम्ही फिरकीच्या तांब्यातलं पाणी तिला पाजत होता. खवाशाला आपण गाडी बदलली. पलीकडचा पहिला दगड आला आणि ती थबकली. "आबाजी, यायनं चुकीचं लिवलं. शिवनीचं सिवनी केलं."

"चुकीचं नाई. तिकडं तसंच म्हनतात. तूबी आता तसंच म्हनजो."

"आपला रस्ता खपला का?"

"नाई वं. रस्ता तोच हाये. फक्त रंगवनारा बदलला."

ती त्यानंतर वाचायची थांबली. तुमच्या दंडाला डोकं टेकून बसली. तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात तो शिवनी येईपर्यंत काढला नाहीत. तिथे जावई स्टँडवर आले होते, नवी बायकोही आली होती. ती पुढे झाली, पोरीपुढे उकिडवी बसली आणि नुसती तिच्या चपलेचा पट्टा नीट करत राहिली, जवळ घेण्याची घाई केली नाही. तुम्ही ते पाहिलंत. त्यांनी जेवायचा आग्रह केला, तुम्ही पाटावर बसलातही, पण दोन घासांपलीकडे गेलं नाही. निघताना पोरीने तुमच्या सदऱ्याची कड धरली. तुम्ही तिची बोटं एकेक करून सोडवलीत. परतीच्या बसमध्ये समोरून येणारी प्रत्येक गाडी तुम्ही आतपर्यंत बघत होता.

घरी आल्यावर आईने तुमच्यापुढे ताट ठेवलं आणि ती उठून गेली. ते तसंच चाललं, उन्हाळा येईपर्यंत. उन्हाळ्यात पोरगी आली, घट्ट दोन वेण्या, तोंडात अर्धी हिंदी, आणि आईला नानी म्हणाली. "आजी म्हन वं," आई म्हणाली. तेव्हापासून ती आजीनानी म्हणायला लागली. परत जाताना आईने तिच्याबरोबर लोणच्याची बरणी दिली, त्या घरासाठी. तुमच्याशीही ती बोलायला लागली, पाणी तापलं, डबा भरला, असं सगळं. पण थट्टा करणं तिने सोडलं ते सोडलंच. मला वाटायचं, तुम्ही शनिवारची वाट बघत होता ती त्या थट्टेसाठी.

तुमचा खोकला बळावला तेव्हा मी तुम्हाला रामदासपेठेतल्या दवाखान्यात ठेवलं. तुम्ही रिटायर झाला होता, मला नोकरी होती. पोरगी शिवनीहून आली, उंच झालेली, कॉलेजात जाणारी. तुम्हाला सांगत होती, आबाजी, मी थेट गाडीने आले, मधे उतरावं लागलं नाही. तुम्ही म्हणालात, बरं झालं. आई तुम्हाला चमच्याने पेज भरवत होती. तुम्ही तिच्याकडे पाहत होता, ती चमच्याकडे. तिसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

हे तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि आई तुमच्या रिकाम्या खाटेची दोरी ताणत बसली होती. मी दुसऱ्या टोकाला होते. ती एकदम म्हणाली, "पोरगी तिथं बरी हाये. तुह्या बाबानं बरोबर केलं." मी म्हटलं, आई, हे त्यांना सांगितलं होतंस का? तिने दोरी गच्च ओढली. "सांगनार होती. रोज म्हनो, आज सांगतो. ते पेज पिऊन राहिले होते, म्हटलं सरू दे." मग ती रडली. तुम्ही गेलात त्या दिवशी ती रडली नव्हती.

आता तीही नाही. मागच्या महिन्यात जावई गेले, पिकलं पान होऊन. त्यांच्या तेरवीला मी शिवनीला निघाले होते. भाचीनेच मोटार पाठवली होती, पण गाडीत पाहते तर ती स्वतःच मला घ्यायला आलेली. तिचेही केस पांढरे झालेत. तिचा मुलगा गाडी चालवत होता. देवलापारच्या पुढचा रस्ता आता जंगलावरून उचलून नेलाय, खालून जनावरांना जायला वाट, दोन्ही बाजूंना उंच भिंती. कडेला कुणी बसलेलं असलं तरी दिसायचं नाही, आणि कुणी बसतही नाही. जुने दगड रुंदीकरणात गेले. अडीच-तीन तासांत आपण शिवनीत. भाचीने वाटेत विचारलं, "मावशी, आबाजी बसले होते ती जागा कुठली?" मी अंदाजानेच बाहेर एका वळणाकडे बोट दाखवलं. तिने तिकडे पाहून हात जोडले.

मग ती हळूच म्हणाली, "खरं सांग, माझी आई माझ्यासारखी दिसायची का?" मी म्हटलं, "नाकाडोळ्यांनी तूच." ती खिडकीकडे वळली आणि काचेत स्वतःला बघत राहिली, पार शिवनीपर्यंत.

बाबा, ताईचा आवाज मला अजून येतो. तिचे सुजलेले पाय माझ्या हातांना आठवतात. पण तिचा चेहरा माझ्याजवळून कधीचाच गेला. मनात आणायला जाते तेव्हा ही भाचीच समोर येते, आता तर पांढऱ्या केसांची. हे मी तिला सांगितलं नाही, आईलाही कधी सांगितलं नव्हतं. तुम्हालाही सांगायला बसले नव्हते. हा कागद माझ्या हातातून कुठेच जायचा नाही, म्हणून लिहून टाकलं.